चिमूटभर खनिजे, मणभर काम

जालन्यात लोखंडाला तोटा नाही. येथील कारखान्यांतून निघणाऱ्या लोखंडी सळया राज्यभरात घरे उभी करतात. ज्या घरांतून ही माणसे कामाला जातात, त्या घरांतील बायकामुलांच्या रक्तात मात्र लोहाची टंचाई आहे. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय होता. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण जवळजवळ ६९ टक्के होते. आधीच्या पाहणीत हे आकडे ४८ आणि ५४ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे मधल्या काळात परिस्थिती सुधारण्याऐवजी बिघडली.

म्हणून या आठवड्यात आहारातील खनिजांचा विचार करू. पिष्टमय पदार्थ, प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि जीवनसत्त्वे यांची नावे शाळेपासून आपल्या कानावर आहेत. खनिजांकडे मात्र आपले लक्ष जात नाही, कारण ती लागतातच फार थोडी. पण ती शरीराला तयार करता येत नाहीत. जमिनीतून पिकात, पिकातून ताटात आणि ताटातून रक्तात असाच त्यांचा प्रवास होतो. ताटात नसेल ते रक्तात येणार कोठून?

सलाईनच्या बाटलीत काय असते?

मस्तगड परिसरातील माझ्या दवाखान्यात आठवड्यातून चार-पाच वेळा तरी एक मागणी ठरलेली असते. "डॉक्टरसाहेब, अंगात त्राण नाही. चार पावलं चाललं की दम लागतो. एक बाटली लावून द्या." बाई पस्तिशीच्या असतात. डोळ्यांच्या पापण्या आतून पांढुरक्या, नखे फिकट, जीभ गुळगुळीत. सोबत आलेल्या सासूबाई म्हणतात, "मागच्या टायमाला बाटली लावली तर चार दिवस बरं वाटलं होतं."

वाचकहो, त्या बाटलीत असते काय? अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते. ग्लुकोजची पाच टक्क्यांची बाटली असेल तर पंचवीस ग्रॅम साखर असते. एक लहान चमचा मीठ किंवा पाच-सहा चमचे साखर, बाकी सारे पाणी. लोहाचा त्यात कणही नसतो. उलट्या-जुलाबांनी शरीर कोरडे पडले असेल तर हीच बाटली प्राण वाचवते. रक्त कमी असलेल्या बाईला मात्र तिचा उपयोग नाही. पैसे जातात, दोन दिवस आराम मिळाल्याने बरे वाटते आणि मूळ आजार तसाच राहतो.

अशा रुग्णाची पहिली गरज म्हणजे हिमोग्लोबिनची तपासणी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली, गरोदर स्त्रीचे ११ च्या खाली आणि पुरुषाचे १३ च्या खाली असेल तर रक्तक्षय समजतात.

एका खिळ्याएवढे लोह

प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण तीन-चार ग्रॅमच लोह असते, म्हणजे एका लहान खिळ्याएवढे. त्यातील बहुतांश रक्तातील तांबड्या पेशींत असते. फुफ्फुसातील प्राणवायू उचलून तो मेंदूपर्यंत आणि हातापायांच्या स्नायूंपर्यंत पोचवणे हे त्याचे काम. लोह कमी पडले की हमालच कमी पडले. मग जिना चढताना धाप लागते, छातीत धडधडते, अभ्यासात लक्ष लागत नाही, चिडचिड होते. घरचे म्हणतात, "आळशी झाली." बाई आळशी नसते, तिचे रक्त पातळ झालेले असते.

तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. ती मेल्यावर तिच्यातील लोह शरीर टाकून देत नाही, पुन्हा वापरते. त्यामुळे पुरुषाला रोज बाहेरून फार थोडे लोह पुरते. स्त्रीचे गणित वेगळे आहे. मासिक पाळीत दरमहा १५ ते २० मिलिग्रॅम लोह जाते. एका बाळंतपणासाठी सुमारे एक ग्रॅम लोह लागते. दोन बाळंतपणांत दीड-दोन वर्षांचेच अंतर असेल तर तिजोरी भरायच्या आतच पुन्हा रिकामी होते. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार पुरुषाला आहारातून रोज १९ मिलिग्रॅम लोह हवे, तर पाळी येणाऱ्या स्त्रीला २९ मिलिग्रॅम.

आता आपल्या घरातील पंगत आठवा. पुरुष जेवतात, मुले जेवतात, म्हातारी माणसे जेवतात. शेवटी घरची बाई बसते. तिच्या वाट्याला उरलेली भाकरी आणि भांड्याच्या तळाचे पातळ वरण येते, भाजी संपलेली असते. जिला सर्वांत जास्त लोह हवे तिलाच सर्वांत कमी मिळते. या आजाराचे मूळ केवळ गरिबीत नाही. खात्यापित्या घरांतील स्त्रियाही रक्तक्षयाने ग्रासलेल्या मी पाहतो. एक साधा बदल सुचवतो. भाजी आणि उसळ आधी सर्वांच्या ताटात सारखी वाढा, बाईचे ताटही तेव्हाच वाढून ठेवा, मग जेवायला बसा.

लाल रंग म्हणजे रक्त नव्हे

रक्त वाढण्यासाठी बीट खा, डाळिंब खा असे सर्रास सांगितले जाते. ही फळे-भाज्या चांगल्याच आहेत, पण लोहासाठी नव्हे. शंभर ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसते, डाळिंबात त्याहून कमी. गुळात साखरेपेक्षा लोह जास्त आहे हे खरे, पण सुपारीएवढ्या खड्यातून अर्धा मिलिग्रॅमही मिळत नाही. त्यासाठी पावशेर गूळ खाल्ला तर भलतेच दुखणे मागे लागेल.

खरे लोह आपल्या रोजच्या ताटात आहे. शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे साडेसहा मिलिग्रॅम लोह असते, ज्वारीत चार, तर पांढऱ्या तांदळात एकाहूनही कमी. मेथी, चवळी, राजगिरा, शेवगा यांचा पाला, तसेच मटकी, हरभरा, चवळी, मसूर या कडधान्यांतही लोह चांगले असते. मांसाहार करणाऱ्यांसाठी कलेजी आणि मटण, कारण त्यातील लोह शरीरात सहज शोषले जाते. धान्य-भाज्यांतील लोहाचे तसे नाही. शंभरातील पाच-दहा भागच रक्तापर्यंत पोचतात. बाकीचे आतड्यातून तसेच निघून जाते.

हे शोषण वाढवणे आपल्या हाती आहे. जीवनसत्त्व क जवळ असेल तर धान्यातील लोह अधिक शोषले जाते. म्हणून जेवणात लिंबाची फोड, आवळा किंवा पेरू ठेवा. आपला जिल्हा मोसंबीचा आहे, जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. आपण मोसंबी आजाऱ्याला भेटायला जाताना घेतो. ती आजारी पडण्यापूर्वी, भाकरी-उसळीच्या जेवणाबरोबर खाल्ली तर जास्त कामाची. कडधान्ये भिजवून मोड आणल्याने आणि पीठ आंबवल्याने लोहाला अडवून धरणारे द्रव्य कमी होते. लोखंडी तवा आणि लोखंडी कढई यांतूनही थोडे लोह अन्नात उतरते. त्यातही टोमॅटो-चिंचेची आंबट भाजी असेल तर अधिक. नवी चकचकीत भांडी आली तरी आजीची कढई भंगारात देऊ नका.

आणि चहा? जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच घेतलेला चहा लोहाला बांधून टाकतो. आपल्याकडे सकाळी चहा-पोळी, दुपारी जेवण झाले की कपभर चहा. चहा सोडा असे मी म्हणणार नाही, कोणी ऐकणारही नाही. फक्त जेवण आणि चहा यांत एक-दीड तासाचे अंतर ठेवा.

भाकरीनेच केलेला उपचार

बाजरीच्या बाबतीत महाराष्ट्रात एक महत्त्वाचे काम झाले आहे. हैदराबादजवळील इक्रिसॅट ही संशोधन संस्था आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी 'धनशक्ती' हा बाजरीचा वाण विकसित केला. तो २०१२ मध्ये महाराष्ट्रात प्रसारित झाला. त्याच्या एका किलोत सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते, शिवाय जस्तही अधिक. औषधाचा डोस नाही, बाहेरून काही मिसळलेले नाही. जमिनीतील लोह जास्त उचलणारे ताट निवडून केलेले हे बियाणे आहे.

अशा जास्त लोहाच्या बाजरीची परीक्षाही महाराष्ट्रातच झाली. १२ ते १६ वर्षे वयाच्या २४६ मुलामुलींना सहा महिने दुपारी आणि रात्री भाकरी देण्यात आली. काहींना साध्या बाजरीची, काहींना जास्त लोहाच्या बाजरीची. त्याचा अहवाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला ज्यांच्या शरीरात लोहाची कमतरता होती, त्यांच्यापैकी जास्त लोहाची बाजरी खाणाऱ्यांत कमतरता भरून निघण्याचे प्रमाण सुमारे दीड पटीहून अधिक होते. जालना हे बियाण्यांचे गाव. येथील शेतकरी बाजरी पेरताना उताऱ्याचा विचार करतोच. घरी खाण्यापुरत्या बाजरीसाठी लोहाचाही विचार करायला हरकत नाही.

गोळ्या घ्याव्यात की नाही?

रक्तक्षय झाल्यावर नुसत्या आहाराने तो लवकर भरून येत नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात. शाळा, अंगणवाडी आणि आरोग्य केंद्रांतून त्या मोफत मिळतात. किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एक निळी गोळी, गरोदर मातेला चौथ्या महिन्यापासून निदान १८० दिवस रोज एक लाल गोळी. पुष्कळ घरांत या गोळ्या कपाटात पडून राहतात. कारण विचारले की उत्तर येते, "शौचाला काळी होते," किंवा "मळमळतं." शौचाचा रंग काळा होणे हा लोहाचा परिणाम आहे, त्यात धोका नाही. मळमळ होत असेल तर रात्री झोपताना, थोडे खाऊन गोळी घ्या. गोळी चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नका. गरोदर मातेला कॅल्शियमच्या गोळ्याही असतात. त्या आणि लोहाची गोळी यांत निदान दोन तासांचे अंतर हवे, नाहीतर एक दुसरीला अडवते.

दोन इशारे लक्षात ठेवा. लोहाच्या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गोड समजून मुलाने मूठभर गिळल्या तर विषबाधा होऊन जीव जाऊ शकतो. दुसरे, दोन-तीन महिने नियमित गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल तर पुढची तपासणी करून घ्या. जंत, मूळव्याध, पाळीतील अतिरक्तस्राव, थॅलेसेमिया, सिकलसेल असे काही त्यामागे असू शकते. आणि मूल माती, खडू, पाटीवरची पेन्सिल खात असेल तर त्याला मारू नका. ते लोहाच्या कमतरतेचे लक्षण असू शकते. त्याला दवाखान्यात आणा.

मिठातील आयोडीन

आयोडीनची रोजची गरज सुमारे दीडशे मायक्रोग्रॅम, म्हणजे सुईच्या टोकावर मावेल इतकीच. पण ते न मिळाल्यास गळ्यातील ग्रंथी सुजून गलगंड होतो, आणि गरोदरपणात कमी पडल्यास बाळाची बुद्धी कायमची खुंटू शकते. पावसाच्या आणि पुराच्या पाण्याने जमिनीतील आयोडीन धुपून जाते, म्हणून ते मिठातून देण्याची पद्धत पडली. आपल्या देशात १९६२ मध्ये गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १७ मे २००६ पासून खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास देशभर बंदी आहे.

घरात काळजी एवढीच घ्यायची: मीठ बंद बरणीत, चुलीपासून आणि ओलाव्यापासून दूर ठेवा. हल्ली पुष्कळजण सैंधव आरोग्यदायी म्हणून रोजच्या स्वयंपाकात वापरू लागले आहेत. उपवासाला ते ठीक आहे. पण त्यात सहसा आयोडीन मिसळलेले नसते, म्हणून गरोदर स्त्री आणि लहान मुले असलेल्या घरात रोजचे मीठ आयोडीनयुक्तच हवे.

मात्र आयोडीनच्या नावाखाली मीठ वाढवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे सपाट चहाचा एक चमचा. त्यात लोणचे, पापड, ठेचा, फरसाण, शेव सारे आले. रक्तदाब असलेल्यांनी ताटात वरून मीठ घेणे आधी बंद करावे. 'कमी सोडियमचे' मीठ बाजारात मिळते. त्यात पोटॅशियम असते, म्हणून मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

हाडांचा चुना

शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असते, त्यातील ९९ टक्के हाडांत आणि दातांत. मोठ्या माणसाची रोजची गरज एक ग्रॅम. दूध, दही, ताक हे सोपे मार्ग आहेत. पण दूध डेअरीला घालून घरात काळा चहा पिणारी घरे आपल्याकडे कमी नाहीत. त्यांच्यासाठी शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमहून अधिक, आणि पॉलिश न केलेल्या तिळाच्या दोन लहान चमच्यांत कपभर नाही तरी अर्ध्या कप दुधाइतके कॅल्शियम मिळते. भोगीला आपण तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि शेंगा, हरभरा, वांगे, गाजर यांची मिसळीची भाजी करतो. ते ताट वर्षातून एकदाच नको, थंडीभर आठवड्यातून एकदा तरी असावे. कॅल्शियम शोषून घ्यायला जीवनसत्त्व ड लागते आणि ते उन्हातून मिळते, म्हणून घरात बसणाऱ्या स्त्रिया व वृद्धांनी रोज थोडा वेळ उन्हात घालवावा. तंबाखूतला चुना हाडांना बळ देतो हा गैरसमज मात्र डोक्यातून काढा. तंबाखू-चुन्याने तोंडाचा कर्करोग होतो.

पाण्यातील क्षार

आपल्या काळ्या खडकातील बोअरचे पाणी जड असते. हंड्याला पांढरा थर धरतो, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. तो थर मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांचा. अशा पाण्यानेच मुतखडा होतो अशी सर्वांची समजूत आहे. खरे पाहता आपल्या उन्हाळ्यात दिवसभर शेतात, भट्टीवर, दुकानात राबून कमी पाणी पिणे हे त्याचे मोठे कारण आहे. मुतखड्याच्या भीतीने दूध बंद करणेही चूक आहे.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतात. फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत आणि फार तर दीड. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत जास्त फ्लोराइडमुळे दात पिवळे-तपकिरी पडणे आणि हाडे वाकणे हे प्रकार झाले आहेत. फ्लोराइड डोळ्यांना दिसत नाही, चवीला कळत नाही, उकळून जात नाही. म्हणून नवीन बोअर घेतल्यावर पाणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. घरात यंत्र बसवायचे की जारचे पाणी घ्यायचे हे त्या अहवालावर ठरवा, शेजाऱ्याने घेतले म्हणून नको. पाणी मुळातच चांगले असेल तर यंत्र त्यातील उपयुक्त क्षारही काढून टाकते आणि बरेचसे पाणी वाया घालवते. पाणीटंचाईच्या आपल्या गावाला हे परवडणारे नाही.

जुलाब झाले तर

शेवटची गोष्ट लहान मुलांची. जुलाबात पाण्याबरोबर सोडियम आणि पोटॅशियम वाहून जाते, त्यामुळे मूल दगावते. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून हजारो पटकीग्रस्तांचे प्राण वाचवले. तीच जलसंजीवनी आज आरोग्य केंद्रात पुडीत मिळते. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला, आणि घोट-घोट पाजत राहा. सोबत जस्ताची गोळी १४ दिवस द्यायची असते: सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहान बाळाला १०. जुलाब दोन दिवसांत थांबले तरी गोळ्या पूर्ण करा, कारण पुढील काही महिने जुलाब पुन्हा होण्याचा धोका त्याने कमी होतो. आईचे दूध बंद करू नका. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, पाणी पिईना, तर वाट न पाहता दवाखाना गाठा. अशा वेळी सलाईन खरोखरच लागते.

वाचक भगिनींना विनंती की, या आठवड्यात एक काम करावे. घरातील सर्व स्त्रिया आणि मुलींचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे आणि आकडा दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. पुरुष वाचकांनी हे वाचून पेपर बाजूला ठेवू नये. तपासणीला घेऊन जाण्याचे काम त्यांचे, आणि आज रात्री घरात कोण शेवटी जेवते व तिच्या ताटात काय उरते, हे पाहण्याचेही.